सुमनताई आणि अमावस्येची मंडळी

आमच्या डोक्यावर वर्षभर लग्नं लागत. साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या त्या इमारतीत आम्ही पहिल्या मजल्यावर राहायचो, आणि बरोबर वरच्या मजल्यावर सुमनताई कांबळेंचं व्हिडिओ मिक्सिंगचं दुकान होतं. पौष असो की आषाढ, वरून मंगलाष्टकं ऐकू यायची. 'शुभमंगल'पर्यंत यायची, गचकन थांबायची, चिरक्या आवाजात उलटी पळायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. माझ्या सासूबाई गावाहून आठवडाभर राहायला आल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी छताकडे बघून हात जोडले आणि म्हणाल्या, "एकदाचं लागू दे गं बाई त्या पोरीचं!"

हे मी सुमनताईंना सांगितलं, तर त्या हसून हसून जिन्यावरच बसल्या. मग म्हणाल्या, "सासूबाईंना सांगा, लागलं. आज दुपारीच सासरी धाडली तिला."

मी तेव्हा एका हायस्कुलात इंग्रजी शिकवत होते. त्यामुळे त्या मला 'बाई'च म्हणायच्या, आणि वयानं मी थोडी मोठी असूनही मी त्यांना ताई म्हणायचे. ठेंगण्या, सावळ्या, डोळ्यांवर जाड काचांचा चष्मा आणि पदर कायम कमरेला खोचलेला. माहेर वडूजचं. वडील मिलिटरीत वायरलेसवर होते. सुट्टीवर आले की घरातला रेडिओ उघडून पोरींना आतलं सगळं दाखवायचे. "तवापास्नं मला झाकलेली वस्तू बघवत न्हाई," असं त्या म्हणत. नवरा दिलीप कॅमेरा चालवायचा. फारच अबोल माणूस. तो लग्नं टिपून आणायचा आणि या ती कापून, जोडून, त्यावर गाणी चढवून कॅसेट तयार करायच्या. त्या काळी जिल्ह्यात हे काम करणारी दुसरी बाई मी पाहिली नाही. गिऱ्हाईक आलं की आधी दिलीपरावांकडे बघून बोलायचं. दिलीपराव नुसता अंगठा बायकोकडे करायचे.

कुणाच्या घरी टीव्ही चालू असला की सुमनताईंच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर हळूच आपटायचं. जिथं त्यांच्या मते चित्र बदलायला हवं, तिथं बोट पडायचं. बातम्या बघतानाही पडायचं. एकदा आमच्या शाळेच्या गॅदरिंगला प्रमुख पाहुणे बोलत होते, आणि शेजारी बसलेल्या सुमनताईंचं बोट इतक्या वेळा पडलं की मला हसू आवरेना. "हितनं काप," त्या पुटपुटल्या. "हितनं पार टाळ्यांपातूर काप."

पण नेमकं काय कापू नये, हेही त्यांना कळायचं. खटाव तालुक्यातलं एक मोठं घराणं होतं, उसाची बागायत असलेलं. त्यांच्या मुलीच्या लग्नाची कॅसेट बघायला नवरीचे काका आले होते. चहा देण्याच्या निमित्तानं मीही वर होते. नवरीला मांडवात आणताना तिचा हात धरलेली एक विधवा आत्या चित्रात दिसत होती. काका म्हणाले, "हे तेवढं काढा. शुभकार्यात बरं दिसत नाही."

सुमनताईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला. म्हणाल्या, "काढते की. पर मग सनईचा आवाज तुटतोय बघा. दोन्ही एकाच टेपवर हाय न्हवं? आत्या काढली की सनई जाती. सनई गेली की नवरी मुकीच चालल्यागत दिसती. तुमीच सांगा, काय ठेवू?"

काकांनी विचार केला. सनई हवी होती. "राहू दे मग," ते म्हणाले.

ते गेल्यावर मी विचारलं, "खरंच तुटतो का हो आवाज?"

"कशाचा तुटतोय!" त्या म्हणाल्या. "त्या माउलीनं पोरीला न्हानाची मोठी केली, बाई. पोरगी सगळ्या लग्नात एकदाच रडली, ती तिच्याकडं बघून. आन म्हणं काढा! माणसाचं कुणी ऐकत न्हाई, मशीनचं ऐकत्यात. मग मशीनच्या तोंडून सांगायचं."

पुढं शतकाची शेवटची दोन-तीन वर्षं उरली असतील, तेव्हा त्यांनी धाडस केलं आणि संपादनासाठी संगणक आणला. त्याआधीचं काम म्हणजे दोन व्हीसीआर. एकात टेप वाजवायची, दुसऱ्यात उतरवायची. मध्ये एक चूक झाली की तिथून पुढचं सगळं पुन्हा. संगणकात मात्र पाहिजे तो तुकडा उचलून पाहिजे तिथं ठेवता येई. पुण्याच्या एका विक्रेत्यानं यंत्र बसवून दिलं, अर्धा दिवस काय काय दाबून दाखवलं आणि तो गेला तो गेलाच. फोन केला की 'साहेब बाहेर गेलेत'.

आणि नेमकं तेव्हाच ते जतचं लग्न आलं. नवरा मुलगा फौजेत होता, सुट्टी संपत आली होती. सीमेवर परत जाताना लग्नाची कॅसेट बरोबर न्यायची, अशी त्याची इच्छा होती; त्याच्या तुकडीत टीव्ही आणि व्हीसीआर होता, आणि लग्नाला येऊ न शकलेल्या दोस्तांना त्यानं शब्द दिला होता. सुमनताईंनी टेप संगणकात घेतली. सुरुवातीला सगळं ठीक. पण जसजसं लग्न पुढं सरकावं, तसतसा आवाज मागं पडायला लागला. शेवटी शेवटी तर अशी गत झाली की नवऱ्या मुलानं उखाणा घेऊन तोंड मिटलेलं असायचं, आणि उखाणा त्यानंतर ऐकू यायचा. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. सांगलीत विलास माने म्हणून एकजण होते, या भागात सगळ्यांच्या आधी संगणक घेतलेले. सुमनताई एसटीनं त्यांच्याकडं गेल्या. मान्यांनी त्यांना दारातच उभं केलं आणि मागं वळून संगणकाच्या पडद्यावर टॉवेल टाकला. "ज्याचं त्यानं शिकावं, ताई. आमालाबी कुणी सांगितलं न्हाई," एवढंच बोलले.

त्या परत आल्या आणि हे सगळं सांगून जिन्यावरच बसल्या. व्हीसीआरची जुनी जोडी विकून टाकायचं ठरलं होतं. आता संगणकही साथ देईना. दिलीपराव म्हणाले, "परत जुन्यावर करू."

दुसऱ्या दिवशी त्या यंत्राबरोबर आलेलं इंग्रजी माहितीपुस्तक घेऊन खाली आल्या. "बाई, शेवटच्या पानावर काय लिहिलंय ते वाचा जरा." तिथं एक ई-मेलचा पत्ता होता. जगभरातले व्हिडिओ संपादक त्या पत्त्यावर आपली अडचण पाठवतात, ती मंडळातल्या सगळ्यांना जाते, आणि ज्याला उत्तर माहीत असेल तो देतो, असा मजकूर होता.

"म्हंजे चावडीच की," त्या म्हणाल्या. "चला."

साताऱ्यात तेव्हा नुकतंच एक इंटरनेट कॅफे उघडलं होतं. प्लायवूडचे खोके, प्रत्येक खोक्याला पडदा, आणि फोन जोडताना होणारी ती खरखर-किंचाळी. कॅफेचे मालक पाटील म्हणून होते; त्यांनी सुमनताईंचा ई-मेल उघडून दिला. मी शाळेच्या शिस्तीनं इंग्रजी पत्र लिहायला घेतलं: आदरणीय महोदय, मी महाराष्ट्रातील सातारा या ऐतिहासिक शहरात राहते... सुमनताई माझ्याकडून त्याचा अर्थ विचारून घेत होत्या. मध्येच त्यांचं बोट टेबलावर पडलं.

"बाई, लय लांबला शॉट. काप."

"अहो, पण रीत असते एक."

"त्या मान्साला आपलं दुखणं कवा कळायचं? सातारा सातारा करीतच बसंल त्यो."

शेवटी उरलं ते एवढंच: लांब टेप घेताना आवाज चित्राच्या मागं राहतो. सुरुवातीला थोडा, शेवटी फार. एका फौजीची लग्नाची कॅसेट आहे, त्याला परत जायचं आहे. मदत करा. खाली त्यांनी स्वतः एका एका बोटानं टाइप केलं, 'जय भीम. सुमन, सातारा.'

"हे पण घालायचं?" मी विचारलं.

"घरच्या कागदावर मी असंच लिहिते," त्या म्हणाल्या. "त्यास्नी काय येगळं लिहू?"

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही गेलो तेव्हा उत्तरं येऊन पडली होती. एक नाही, चांगली पाच-सहा. जर्मनीतल्या एका माणसाचं सगळ्यात सविस्तर होतं. मी वाचून सांगत गेले. त्यानं लिहिलं होतं की संगणकात चित्र घेणारं कार्ड वेगळं आणि आवाज घेणारं वेगळं, म्हणजे आत दोन घड्याळं आहेत. एक किंचित हळू चालतं. थोड्या वेळात फरक कळत नाही, लांब टेपला वाढत जातो. तर टेप एकदम घेऊ नका, लहान लहान तुकड्यांत घ्या. प्रत्येक तुकड्याला दोन्ही घड्याळं नव्यानं एकत्र निघतील.

सुमनताई उठूनच उभ्या राहिल्या. "दोन घड्याळं!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. शेजारच्या खोक्यातल्या पोरानं पडदा सारून बघितलं.

जर्मनीच्या त्या गृहस्थानं शेवटी लिहिलं होतं: फौजीला शुभेच्छा. आणि त्याखाली, 'जय भीम, सुमन.' हे शब्द निरोप घेण्याचेच असावेत, असं तो समजला असणार. बघता बघता त्या मंडळात ती पद्धतच पडली. सुमनताईंना उत्तर देणारे सगळे शेवटी तेच लिहायला लागले, कॅनडातून, ब्राझीलमधून. पुढं कधीतरी एकीनं विचारलं, याचा अर्थ काय? सुमनताईंनी मला सांगून उत्तर लिहवून घेतलं: ज्यानं आम्हाला शिकायला लावलं, त्याचं नाव घेऊन आम्ही एकमेकांना भेटतो. यावर मात्र त्यांनी मला एक शब्दही बदलू दिला नाही.

फौजी काळी ट्रंक घेऊन जिन्यात येऊन बसला तेव्हा वर शेवटचा तुकडा जोडणं चालू होतं. कॅसेट हातात घेतल्यावर त्यानं पहिल्यांदा उखाणाच लावून बघितला. ओठ आणि शब्द बरोबर जुळले. तो लाजला. सुमनताई म्हणाल्या, "आता दोस्तास्नी दाखव. आन तिला पत्र लिहीत जा रं, कॅसेटवर भागवू नगंस."

दुसरा कुणी असता तर एवढ्यावर खूश झाला असता आणि मान्यांसारखा टॉवेल टाकून बसला असता. सुमनताई खाली आल्या आणि आमच्या फोनवरून कराडच्या एका मिक्सिंगवाल्याला फोन लावला. "दोन घड्याळं हायती त्यात," त्या त्याला सांगत होत्या, "तुजं बी तेच दुखणं न्हवं? ये अमावस्येला."

अमावस्येला कुणी लग्न काढत नाही. त्यामुळे लग्नाच्या धंद्यातला प्रत्येक माणूस त्या दिवशी मोकळा. आधी कराडचा आला, मग मेढ्याचे पवार आले, मग वाई, विटा, इस्लामपूर असे एकेक. दर अमावस्येला सकाळी वर चपलांचा ढीग पडायचा. सुमनताई महिन्याभरात जगभरच्या त्या मंडळातून आलेली उत्तरं कॅफेत छापून आणायच्या, मी त्यांचं मराठी करून द्यायचे, आणि त्या ती अशी सांगायच्या की माझं मराठी मलाच ओळखू येऊ नये. परदेशातल्या सगळ्यांशी त्यांनी नातं लावलं होतं. "जर्मनीचा दादा काय म्हणतोय बघा." "कॅनडाच्या मावशीचं ऐका, तिला गुडघेदुखी हाय पर टायटल लय झ्याक करती." दुपारी पिठलं-भाकरी व्हायची आणि मग एकेकानं आपली अडलेली कॅसेट लावायची. सगळे मिळून बघायचे. कुणी कुणाला हसायचं नाही, एवढा एकच नियम होता.

अशाच एका अमावस्येला मी शाळेतून परत आले तर आमच्या जिन्यात एक गृहस्थ बसले होते. इस्त्रीचा शर्ट, हातात हार्ड डिस्क कागदात गुंडाळलेली. वर जावं की नाही, असं चाललं होतं. मी विचारलं, "सुमनताईंकडे आलात का?" तर म्हणाले, "व्हय. पर त्या घेतील का आत, ठावं न्हाई. मी सांगलीचा माने."

मीच त्यांना वर घेऊन गेले. एका बड्या घरचं लग्न मान्यांच्या संगणकात अडकलं होतं, यंत्र मधेच बंद पडत होतं, लोक दारात येऊन बसले होते. एवढं त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं. कराडचा म्हणाला, "आमच्या ताईला ह्यानं दारात उभी केली हुती. आता त्यालाबी उभाच ऱ्हाऊ दे."

सुमनताईंनी एक पाट पुढं सरकवला. "बसा. जेवलाय का?"

माने बसले, पण मान वर करेनात. सुमनताईंनी कागदांचा गठ्ठा चाळला, त्यातलं एक पान काढलं आणि वाचून दाखवलं. एकाच नावाखाली फार मोठा तुकडा साठवला की संगणक अडतो, तो फोडून ठेवावा लागतो, असं काहीसं होतं. मग तिघं-चौघं मिळून मान्यांच्या डिस्कला लागले. संध्याकाळच्या आत चित्र हललं.

माने निघताना चाचरत म्हणाले, "ताई, हे समदं तुमी फुकट सांगता. उद्या आमीच तुमचं गिऱ्हाईक पळवू की."

"पळवा," सुमनताई म्हणाल्या. "पर मला सांगा, त्या जर्मनीच्या दादानं मला काय म्हणून सांगितलं? त्याला सातारा कुटं हाय त्येबी ठावं न्हाई. त्यानं टॉवेल टाकला असता तर मी आज शिलाई मशीनवर बसले असते. मला जसं मिळालं तसं मी पुढं देती. तुमी कुणाला द्यायचं ते तुमचं तुमी बघा."

पुढच्या अमावस्येला माने सगळ्यांच्या आधी आले. भडंगाची मोठी पिशवी आणली होती. आणि सांगलीकडचे तिघे.

एका पावसाळ्यानंतरची गोष्ट. कॅफेत आम्ही नवी पत्रं वाचत होतो. अमेरिकेतल्या एका बाईंनी मंडळाला लिहिलं होतं की घराच्या तळघरात पुराचं पाणी शिरलं, जुन्या टेपांवर पांढरी बुरशी आली आहे. त्यात एक टेप त्यांच्या बहिणीची आहे, बहीण आता नाही. काही करता येईल का? खाली मोठमोठ्या जाणकारांची उत्तरं होती. बहुतेकांचं म्हणणं एकच: अशी टेप यंत्रात घालू नका, यंत्रही खराब होईल, फार वाईट वाटतं, पण टाकून द्या.

मी वाचायची थांबले तर सुमनताईंनी माझं मनगट धरलं. "बाई, लिहा आधी. फेकू नका म्हणावं. एवढंच धाडा आत्ता. बाकीचं विचारून सांगते."

तेवढंच पाठवलं. मग त्यांनी मेढ्याच्या पवारांना फोन केला. मेढ्याचा, जावळीतला तो पाऊस, कपाटातल्या साड्यांना बुरशी धरते तिथं टेपांना का सोडेल! पवारांनी अशा कितीतरी टेपा वाचवल्या होत्या. त्यांनी आपली रीत सांगितली, विट्याच्या माणसानं त्यात भर घातली, मान्यांनी एक सूचना केली. दोन दिवसांत उत्तर तयार झालं: टेप आधी कोरड्या डब्यात भाजून गार केलेल्या तांदळाबरोबर ठेवा. मग स्क्रू काढून आतली रिळं स्वच्छ रिकाम्या कॅसेटमध्ये बसवा. जुन्या धुतलेल्या सुती साडीच्या तुकड्यातून टेप हातानं हळूहळू फिरवा, घाई करू नका. एखादं जुनं, मोडीत काढायचं यंत्र घ्या आणि टेप एकदाच वाजवा, वाजवतानाच दुसऱ्या टेपवर उतरवून घ्या.

यावेळी मीही पत्र लांबवलं नाही. खाली नाव काय घालायचं, असं विचारलं तर म्हणाल्या, "समद्यांची घाला. मेढ्याचे पवार पहिल्यांदा."

बरेच दिवस काही आलं नाही. सुमनताई रोज कॅफेत डोकावून यायच्या. त्यांच्या मनात काय चाललं होतं, ते एकदाच बोलल्या. "आमचं ऐकून त्या बाईनं टेप उघडली आन तुटली म्हंजे? दुसऱ्यांनी टाका म्हटलं, आमी आशा लावली. आशा लावणाऱ्याला जास्त लागतं, बाई."

आणि एका दुपारी पत्र आलं. मी वाचायच्या आधी त्यांनी डोळे मिटून घेतले. त्या बाईंनी लिहिलं होतं की चित्रावर खूप रेघा आहेत, काही ठिकाणी नुसता बर्फ पडल्यासारखं दिसतं. पण आवाज पूर्ण आहे. बहीण स्वयंपाकघरात उभी आहे, काहीतरी ढवळते आहे आणि कॅमेरा धरणाऱ्या आईला म्हणते आहे, पुरे झालं, बंद कर आता. 'आम्ही घरातल्या तिघी जणी आज तो आवाज ऐकून हसलो. मेढ्याच्या पवारांना सांगा.'

सुमनताईंनी डोळे उघडले, चष्मा वर सारून ते पुसले आणि बाहेर गेल्या. मी पैसे देऊन बाहेर येते तर त्या समोरून कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन येत होत्या. कॅफेतल्या प्रत्येक खोक्याचा पडदा सारून त्यांनी पेढा दिला. पाटील म्हणाले, "काय ताई, नातू झाला काय?"

"न्हाई ओ," त्या म्हणाल्या. "अमेरिकेत एक बाई बोलली."

त्यानंतर वर्षभरातच माझ्या नवऱ्याची सांगलीला बदली झाली आणि आम्ही सातारा सोडलं. नव्या घराचं छत एकदम मुकं होतं. पहिले काही दिवस मला झोपही धड लागेना. अमावस्येच्या मंडळींच्या बातम्या माने सांगत. इंग्रजीचं आता अडत नव्हतं; कराडच्या एकाची बायको कॉलेजात शिकवत होती, ती मराठी करून द्यायची. काही जण तर स्वतःच तोडकंमोडकं लिहायला लागले होते.

सुमनताईंना मी शेवटचं पाहिलं ते सांगलीच्या एसटी स्टँडवर. उन्हाळा होता. मी कोल्हापूरची गाडी बघत होते, तर जतच्या गाडीच्या दारात वाद चाललेला दिसला. कंडक्टर खाली उतरून उभा होता आणि त्याच्यासमोर सुमनताई. पायाशी गोधडीत गुंडाळलेलं मोठं गाठोडं. दिलीपरावांच्या काखेत दुसरं.

"आवं ताई, हे टपावर टाका," कंडक्टर म्हणत होता. "माणसं बसायची सीट हाय ही."

"टपावर कसं टाकू? कंप्युटर हाय. हादऱ्यानं मरंल त्यो. मी तिकीट काढती त्याचं."

"कंप्युटरचं तिकीट?"

"फुल काढा. हाफ नगो."

मी धावत गेले. मला बघून त्यांनी रस्त्यातच मिठी मारली. जतला म्हणे चौघंजण मिक्सिंगवाले होते, त्यातला एक कर्नाटकातून सायकलीवर यायचा. त्यांना साताऱ्याला येणं परवडत नव्हतं, दिवस मोडायचा. म्हणून या महिन्याची बैठक तिकडंच. "कानडी येतं का तुम्हाला?" मी विचारलं. "न्हाई की," त्या म्हणाल्या, "पर तिकडची एक बाई हाय, ती सांगंल त्यास्नी."

कंडक्टरनं कपाळाला हात लावला आणि तिकीट फाडलं. दिलीपरावांनी गोधडी खिडकीशी बसवली, सुमनताई तिच्याशेजारी बसल्या आणि एक हात तिच्यावर ठेवला. गाडी सुरू झाली. पुढच्या बाकावरची, डोक्यावरून पदर घेतलेली एक म्हातारी मागं वळून त्या गाठोड्याकडं निरखून बघत होती. तिनं काहीतरी विचारलं असावं. गाडी वळेपर्यंत मला दिसलं ते एवढंच: सुमनताईंनी गोधडीचं एक टोक बाजूला केलं होतं आणि आत काय आहे ते तिला दाखवत होत्या.